वेशीपाशी काढलेला हात

मला गाडी चालवता येत नाही. तरीही या भागातला प्रत्येक रस्ता मला पाठ आहे, आणि तोही कमरेने. मंगरूळपीरच्या अलीकडचं ते वळण, जिथे गाडी एकीकडे झुकते आणि मागे बसलेल्या बाईचा जीव दुसरीकडे राहतो. नाल्यावरचा रपटा. फाट्यावरचे दोन खड्डे, जे बुजवले की हातभर पुढे पुन्हा पडतात. पुरुषांना विचारा, ते तुम्हाला रस्ता डोळ्यांनी सांगतील. मी मागच्या सीटवरची आहे. मागच्या सीटवरून समोर नवऱ्याची पाठ दिसते आणि बाजूला शेतं. खड्डा आला होता, हे आम्हाला तो येऊन गेल्यावर कळतं.

सत्तावीस वर्षं मी अशी बसत आले. एका बाजूने, दोन्ही गुडघे डावीकडे, एक पाय पावदानावर आणि दुसरा लोंबता. मांडीवर काही ना काही असायचंच. लग्न झालं तेव्हा सुटकेस, मग पोरगी, मग पोरगी आणि पिठाचा डबा, मग माझ्या अंगणवाडीची रजिस्टरं. एकदा तर टेबल फॅन. एक हात सामानाला आणि एक हात नवऱ्याच्या खांद्याला. आता तुम्हीच सांगा, यात पडण्यासाठी बाईला आणखी वेगळं काही करायला लागतं का?

पण करायला लागतं. आमच्याकडे एक रीत आहे. ती कुठे लिहिलेली नाही, कोणी सभेत सांगितलेली नाही, आणि ती मोडल्याबद्दल कोणाला शिक्षा झाल्याचंही मी ऐकलेलं नाही. मोकळ्या रस्त्यावर बायकोने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला तर चालतो. गावाची वेस आली की तो काढायचा. वेशीतला ओटा म्हणजे सासऱ्यांची बैठक, आणि त्यांच्यासमोरून नवऱ्याला धरून जाणं म्हणजे उद्धटपणा. हात काढायचा, पदर डोक्यावर घ्यायचा, हात मांडीवर ठेवायचा आणि मान खाली घालून घरापर्यंत जायचं.

मला ही रीत मांडवपरतणीच्या दिवशी कळली. माहेरी, इंझोरीला दोन दिवस राहून मी सासरी परतत होते. सासऱ्यांची जुनी फटफटी होती, तिचा आवाज ती दिसायच्या आधी यायचा. रस्ता मुरमाचा. गाडी अशी उडत होती की मी नवऱ्याचा खांदा मुठीत पकडला होता. लग्नाला पाच दिवस झाले होते, आणि खरं सांगायचं तर त्याला इतका वेळ धरून बसायची ती पहिलीच वेळ होती. मला ते आवडलंही होतं. वेशीजवळचा कडुनिंब दिसायला लागला आणि तो मागे न बघता म्हणाला, "हात काढ. वेस आली."

मी काढला. ओट्यावर मामाजी, म्हणजे माझे सासरे, बसले होते. त्यांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. नवऱ्याला ते पुढे कित्येक वर्षं पुन्हा सांगावं लागलं नाही. काही महिन्यांत माझा हात स्वतःच शिकला. कडुनिंब आला की तो उठायचा, मी विचार करत असले तरी, डोळे मिटलेले असले तरी. सासऱ्यांना जाऊन आता दहा वर्षं झाली. ओट्यावरची त्यांची जागा दुसऱ्या कोणी घेतली. हात मात्र उठतच राहिला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो पीळ माझ्या मनगटात होता.

रस्त्यांचं म्हणाल तर ते सगळे माझ्यासमोर झाले. मुरूम गेला आणि डांबर आलं. डांबर पडलं त्या दिवशी अर्धं गाव ते बघायला गेलं आणि चपला चिकटवून घरी आलं. फटफटी गेली आणि शंभर सीसीची नवी गाडी आली, तिला आवाजच नाही म्हणून सासूबाई घाबरल्या होत्या. प्रत्येक नव्या गाडीला स्वस्तिक मी काढलं, हळदीकुंकू मी वाहिलं, चाकाखाली निंबू मी ठेवले. मग पुरुषाने किल्ली फिरवली, निंबू चिरडले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी मागे जाऊन बसले.

आणि पुरुषांचा खेळ सुरू झाला. टीव्हीवर मोटारींच्या शर्यती दाखवतात, तशी आमच्या गावाचीही एक शर्यत आहे. ती पानठेल्यावर संपते. गावापासून मंगरूळपीर तेरा किलोमीटर. कोणी किती मिनिटांत आणली? फटफटीवर पस्तीस मिनिटं हा एके काळी मोठा पराक्रम होता. डांबरावर तो बाविसावर आला. सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा माझ्या नवऱ्याने सोळा मिनिटं लावली आणि आठवडाभर छाती काढून फिरला. त्याचं मंगरूळपीरला पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे, तो रोज जातो येतो, त्यामुळे सरावाची कमी नाही. त्या सोळा मिनिटांत मी मागे होते. माझ्या मांडीवर साडेतीन किलोचा वजनकाटा होता. हे पानठेल्यावर कोणी सांगितलं नाही.

मधल्या काळात समृद्धी महामार्ग आला. तो आमच्या रस्त्याला पुलावरून ओलांडून जातो. तो बांधला जात होता तेव्हा मुरमाच्या टिप्परांनी आमचं डांबर असं उखडलं की पुन्हा बैलगाडीचे दिवस आठवले. सुरू झाल्यावर आम्ही एकदा नवऱ्याच्या मित्राच्या मोटारीतून तो बघायला गेलो. दुचाकीला तिथे बंदी आहे. मी मागच्या सीटवर बसले होते, काच बंद होती, आणि बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की माझे दोन्ही हात मांडीवर मोकळे पडले आहेत. मी काहीच धरलं नव्हतं. वाहनात बसून असं मला पहिल्यांदाच होत होतं. पुढे सगळे वेगाचा काटा बघून ओरडत होते. मला रडू आलं, ते का आलं हे मला तेव्हा कळलं नाही.

आता ब्रेकरचं सांगते. सरकारी कागदावर त्याला गतिरोधक म्हणतात, गावात ब्रेकर. आमच्याकडे माणूस मेल्याशिवाय ब्रेकर होत नाही आणि एकदा झाला की तो कोणाचा, हे कोणाला माहीत नसतं. सिमेंटचा रस्ता झाला त्याच हिवाळ्यात बाहेरगावच्या एका मोटारीने वेशीजवळ शेळ्या चारणाऱ्या म्हाताऱ्याला उडवलं. म्हातारा जागीच गेला. गावाने दोन तास रस्ता अडवला, आणि ते बरोबरच होतं, मीही त्यात बसले होते. साहेब आले, बोलून गेले. मग दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुषांनी स्वतःच कामाला हात घातला. ठेकेदाराचा माल उरलेला होता. फळ्या लावल्या, काँक्रीट ओतलं, थापीने गोल केलं. माझा नवरा तिथे मुकादमासारखा उभा होता. "अजून वर घ्या, अजून वर घ्या," असं म्हणत होता. शेवटी जे झालं तो ब्रेकर नव्हता, ती बसलेली म्हैस होती.

"पांढरे पट्टे कोन मारन?" मी अंगणवाडीच्या दारातून विचारलं. माझी अंगणवाडी वेशीलाच आहे.

"उद्या मारू वो वहिनी. वाळू तं द्या."

तो वाळला. पट्ट्यांचा उद्या आला नाही. आणि मला आज सगळ्यात जास्त संताप ज्याचा येतो ते हे की आमच्या गावात त्या ब्रेकरची जागा निवडताना पन्नास पुरुषांनी पन्नास गोष्टींचा विचार केला. पाणी कुठे साचेल, ट्रॅक्टरचा नांगर कुठे घासेल, सरपंचाच्या दारातून वळताना अडचण होईल का. त्यांनी तो अगदी कडुनिंबाखाली बांधला. जिथे या गावातली प्रत्येक सून हात सोडते, बरोबर तिथे. एकाच्याही डोक्यात आलं नाही. येणार कसं? हात मागे सुटतो. पुढे बसणाऱ्याला तो कधी दिसलेलाच नसतो.

ब्रेकर झाल्याच्या चौथ्या दिवशी माझी मंगरूळपीरला मासिक बैठक होती. संध्याकाळी नवऱ्याने दुकान बंद केलं आणि आम्ही निघालो. हिवाळ्यातला सूर्य समोरून थेट डोळ्यांत येत होता. ज्याने तो ब्रेकर उभा राहून ओतून घेतला, तोच माणूस त्याला विसरला. वीस-पंचवीस वर्षांचा बिनब्रेकरचा रस्ता त्याच्या हातांत बसला होता, चार दिवसांचा उंचवटा बसला नव्हता. कडुनिंब आला. माझा हात उठला.

मला पडल्याचं आठवत नाही. रजिस्टरं उडाल्याचं आठवतं. गरोदर मातांचं रजिस्टर उघडं होऊन रस्त्यावर पालथं पडलं होतं आणि मी त्याच्याकडे बघत विचार करत होते की पानं मळतील. मग कोणीतरी मला उताणं केलं. डावं मनगट मोडलं, गळ्याजवळचं हाड मोडलं, डोक्याला सात टाके पडले. वाशीमच्या दवाखान्यात मी अकरा दिवस होते.

पहिल्या दिवशीच नवरा खाटेजवळ उभा राहून, माझ्या भावासमोर, नर्ससमोर, शेजारच्या खाटेवरच्या बाईसमोर म्हणाला, "काहून धरून नाही बसली तू?"

तिथून ते सुरू झालं. जो भेटायला आला त्याने तेच विचारलं. केळी आणली आणि विचारलं. नारळपाणी आणलं आणि विचारलं. "वहिनीनं धरलं नसन." "धराले पायजे ना मानसानं." "बाईचं ध्यान दुसरीकडेच राह्यते." ब्रेकर कोणी ओतला, पट्टे कोणी मारले नाहीत, गाडी कोण हाकत होता, कोणी विचारलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि मी गप्प राहिले. मी काय सांगणार होते? की मी हात काढला, कारण दहा वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचा मान राखायचा होता? हे बोलायलाही लाज वाटावी असं होतं. त्या लाजेचाही मला आता तेवढाच राग येतो.

नवरा वाईट माणूस नाही, हे लिहून ठेवते. तो अकरा दिवस खाटेखाली चटई टाकून झोपला. चहा बशीत ओतून, फुंकर मारून पाजला. माझे केस विंचरले, तेही टाक्यांना न लावता. सगळं केलं. फक्त चूक झाली हे एवढं वाक्य त्याच्या तोंडातून निघालं नाही. आजपर्यंत नाही.

हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा मी अंगणवाडीच्या खिडकीत बसून राहायचे. मदतनीस मुलांचं बघायची. खिडकीतून वेस दिसते, ओटा दिसतो, ब्रेकर दिसतो. मी बघायला लागले. एक गाडी यायची, मागे बाई. कडुनिंब आला की हात सुटायचा. दुसरी गाडी. हात सुटायचा. कोणाच्या कडेवर पोर, कोणाच्या मांडीवर दळण, आणि सगळ्यांचा हात त्याच जागी, जणू कोणी दोरी ओढतं आहे. मग चाक चढायचं, सीट उडायची, बाई हातभर वर जाऊन खाली यायची आणि पदर सावरायची. त्या सगळ्या वाचत होत्या, निव्वळ नशिबाने. मी खिडकीचा गज धरून शिव्या घालायचे. कोणाला, हे मलाही माहीत नव्हतं.

प्लास्टर निघालं आणि मी तोंड उघडलं. आधी ग्रामपंचायतीत गेले. ब्रेकर कमी करा, पट्टे मारा. ते म्हणाले, रस्ता आमचा नाही. रस्ता ज्यांचा, त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, रस्ता आमचा आहे पण ब्रेकर आमचा नाही. म्हणजे माझं मनगट एका अनाथ ब्रेकरने मोडलं होतं. मग मी चुना कालवला, घरातला कुंचा घेतला आणि भर दुपारी रस्त्यावर उकिडवी बसून पट्टे ओढायला लागले. पानठेल्यावरून एकाने विचारलंच, "वहिनी, रस्त्यावर रांगोळी काढून राह्यल्या का?"

"हो," मी म्हटलं. "मी जिथी पडली तिथीच काढून राह्यली. तुमची बायको पडाच्या आंधी."

पट्टे चार आठवडे टिकले, मग पावसात वाहून गेले. मी पुन्हा ओढले. ते पुन्हा गेले. आता मी दर महिन्याला ओढते, पोरांना पोलिओचा डोस पाजावा तसं.

पण पट्टे पुढच्याला दिसतात. मागच्या बाईचा हात कसा थांबवायचा? मातांच्या बैठकीत मी आहार बाजूला ठेवला, लोहाच्या गोळ्या बाजूला ठेवल्या आणि सांगितलं, वेस आली की हात काढायचा नाही, उलट घट्ट धरायचं. बायका हसायला लागल्या. तोंडाला पदर लावून हसल्या. एकजण म्हणाली, "तुमाले काय वो मॅडम, तुमी आता मोठ्या झाल्या. आमचे सासरे ओट्यावर राह्यतात, सासू दारात राह्यते."

मी घरी सासूबाईंकडे गेले. म्हटलं, आत्याबाई, तुम्ही म्हाताऱ्या बायकांना सांगा, सुनांना म्हणावं धरून बसा. त्या गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आमी नाही पडलो बाप्पा कधी."

"तुमी बैलगाडीत बसून आल्या. बैलगाडी सोळा मिंटात येते का मंगरूळवरून?"

"तोंड लय चालते तुयं डोक्याले लागल्यापासून."

गावात हे आता माझं दुसरं नाव झालं आहे. डोक्याले लागल्यापासून. मी काहीही खरं बोलले की ते डोक्याला लागल्यामुळे.

मग मी ठरवलं की आधी आपण करून दाखवायचं. एका रविवारी नवऱ्यासोबत मंगरूळपीरहून येत होते. कडुनिंब दिसला. माझा हात उठायला लागला आणि मी तो डाव्या हाताने दाबून धरला. खरोखर दाबून धरावा लागला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. नवऱ्याला खांद्यावरचं वजन जाणवलं. त्याने खांदा हलवला, माशी उडवावी तसा.

"हात काढ. लोकं पाहून राह्यले."

"नाही काढत."

"लोकं काय म्हनतीन?"

"जे म्हनतीन थे दवाखान्यात केळं घेऊन येऊन म्हनतीन. माहीत हाये मले."

त्याने गाडी इतकी हळू केली की पायी चालणारा पुढे गेला असता. ब्रेकरवरून आम्ही लेकराच्या पाळण्यासारखे गेलो. ओट्यावर चौघे बसले होते. मी त्यांच्याकडे सरळ बघितलं. घरी आल्यावर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि ते दोन दिवस मी अंगणात मोठ्याने गाणी म्हणत भांडी घासली. मला वाटलं मी जिंकले. मला खरंच तसं वाटलं होतं.

आता माझ्या धाकट्या जावेचं. दिराचं लग्न उशिरा झालं, त्यामुळे ती माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे. आम्ही एकाच अंगणात वेगवेगळ्या चुलींवर राहतो. पहिलं पोर चौथ्या महिन्यात पोटातच गेलं तिचं. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा तिचं नाव मी माझ्या हाताने रजिस्टरमध्ये लिहिलं, त्याच रजिस्टरमध्ये जे रस्त्यावर पालथं पडलं होतं. सातवा सरला, आठवा लागला. पोट मोठं, अंग बारीक. तिला काही झालं असतं तर मी कोणाला तोंड दाखवलं असतं? जाऊ म्हणूनही नाही आणि अंगणवाडीची बाई म्हणूनही नाही.

सोयाबीन काढायचे दिवस होते. तिला तपासणीसाठी मंगरूळपीरला बोलावलं होतं आणि गावातला एकुलता एक ऑटो पहाटेच जऊळक्याला, स्टेशनवर माणसं सोडायला गेला होता. मी म्हटलं, उद्या जा. दीर म्हणाला, मजूर आजच लागलेत, उद्या मला वेळ नाही. म्हणजे गाडीनेच जायचं. मी तिला सकाळी स्वतः हात धरून वेशीपर्यंत चालत आणलं, ब्रेकरच्या पलीकडे गाडीवर बसवलं, तिचा हात उचलून दिराच्या खांद्यावर ठेवला आणि बोटं दाबून दाखवली.

"असं. येतानी ब्रेकरच्या आंधीच उतरजो. नाही उतरली तं निदान हात नोको काढू. ओट्यावर देव बसला असन तरी नोको काढू. समजलं का?"

"हो बाई," ती म्हणाली. ती माझं सगळं ऐकते. गुणाची पोर आहे. दिरालाही दम दिला, "हळू आन. पानठेल्यावर मिंट सांगाचे नाही हायेत तुले." तो हसला.

दुपारी अंगणवाडी सुटली. मदतनीस गेली. मी कुलूप लावलं आणि दारात उभी राहिले. तीन वाजून गेले होते. सगळं गाव शेतात होतं. ओटा रिकामा, दारांना कड्या, पानठेल्यावर फडकं टाकलेलं. मला बरं वाटलं. म्हटलं, आज कोणीच नाही. आज या पोरीला कोणाची लाज धरायचं कारणच नाही. मी ब्रेकरजवळ येऊन उभी राहिले, लागलंच तर हात द्यायला.

गाडी दिसली. दीर खरोखर हळू आणत होता. ती मागे एका बाजूने बसली होती, पोटाशी फाइल, आणि दुसरा हात खांद्यावर. घट्ट. हिरव्या बांगड्या मला लांबून दिसत होत्या. मी मनात म्हटलं, शाब्बास गं माझी बाय.

कडुनिंबाजवळ तिने मान वर केली. मी तिला दिसले.

तिचा हात उठला. पदर डोक्यावर गेला. मान खाली गेली आणि हात मांडीवर येऊन पडला, शहाण्या सुनेचा असावा तसा.

मला आधी कळलंच नाही. मी मागे वळून ओट्याकडे बघितलं, कोण येऊन बसलं म्हणून. ओट्यावर कोणी नव्हतं. वेशीत कोणी नव्हतं. मीच होते. मोठी जाऊ, घरातली थोरली, डोक्यात पांढरे केस, कमरेवर हात ठेवून समोर उभी. तिने माझा मान राखला होता.

"धर!" मी ओरडले. "धर, धर त्याले!" ओरडण्याने ती आणखी दबली. मोठी बाई रागावली की मान आणखी खाली घालायची, हेच तिला शिकवलेलं आहे, हेच मलाही शिकवलं होतं. हात मांडीवरच राहिला. गाडी दहा पावलांवर होती. मी काय करणार होते? पुढे धावले असते तर दिराने दचकून काही भलतंच केलं असतं.

मी पाठ फिरवली. अंगणवाडीच्या भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर गुबगुबीत बाळाचं चित्र आहे, त्याच्या पोटाचा रंग उडाला आहे. मी त्या पोटाकडे बघत उभी राहिले आणि ऐकत राहिले. पुढचं चाक चढलं, उतरलं. मागचं चढलं. बांगड्या वाजल्या. उतरलं.

किंकाळी आली नाही. मी वळले तेव्हा गाडी पलीकडे गेली होती, आणि तिचा हात दिराच्या खांद्यावर होता. मी पाठ फिरवल्यावर तिने धरलं होतं.

संध्याकाळी मी तिला खूप बोलले. इतकं बोलले की सासूबाई मध्ये पडल्या. ती रडत म्हणाली, "बाई, तुमी समोर असल्यावर कसं धरू मी?" सगळं आयुष्य मी ज्यांच्यावर दात खाल्ले, त्यांच्या ओट्यावर माझीही जागा झाली होती, आणि ती मला न विचारता झाली होती. सासऱ्यांनीही कदाचित कधी मागितली नसेल. त्यांनी त्या दिवशी नुसतं न बघितल्यासारखं केलं होतं. मला त्यांचाही राग येतो. त्यांनी सरळ पाठ फिरवली असती तर?

जावेला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. ब्रेकर तिथेच आहे, अनाथ. माझा हात मी आता काढत नाही, नवऱ्यानेही सांगणं सोडलं आहे. पण दुपारी अंगणवाडी सुटल्यावर मी वेशीत उभी असले आणि गाडीच्या मागे एखादी तरणी सून येताना दिसली, की मी भिंतीकडे तोंड करते. गाव म्हणतं, डोक्याले लागल्यापासून बाई भिंतीशी बोलते. म्हणू द्या. मी मागचं चाक उतरेपर्यंत वळत नाही.